चवळी खाणारा लोहार

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात ओळख करून घेताना आधी आडनाव विचारतात. तुम्ही ते सांगता आणि समोरचा सर्वस्वी अनोळखी माणूस एकदम उसळून म्हणतो, ‘अरेरे, म्हणजे तू त्या चवळीखाऊंपैकी! तुम्हा लोकांना अक्कल कधीच नव्हती.’ अशा वेळी जो रागावतो तो अडाणी ठरतो. जाणता माणूस तितक्याच जोरात उलटतो, ‘चवळी तूच खातोस, तुझं अख्खं घराणं खातं, आणि तुम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या आमचे गडी!’ मग दोघं हसतात, हातात हात देतात आणि कामाचं बोलणं सुरू होतं. चवळी हे मूळचं पश्चिम आफ्रिकेचंच कडधान्य, गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी शिजणारं. ती खाल्ल्यावर पोटात काय होतं आणि चारचौघांत त्याची लाज का वाटते, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

या थट्टेला तिथे ‘सनांकुया’ म्हणतात. कोणत्या घराण्याने कोणत्या घराण्याची थट्टा करायची हे ठरलेलं असतं. त्राओरे आणि जारा ही अशीच एक प्रसिद्ध जोडी. आडनावांपलीकडे जाऊन संपूर्ण समाजांच्याही जोड्या आहेत, आणि त्यांतली एक फार लक्षवेधी आहे: गुरं राखणारे फुलानी आणि लोखंड घडवणारे लोहार. फुलानी लोहाराला भर बाजारात काहीही बोलू शकतो, लोहार फुलान्याला. पण याच दोघांनी एकमेकांचं रक्त सांडायचं नाही आणि एकाने घातलेली गळ दुसऱ्याने मोडायची नाही, असाही दंडक आहे.

लक्षवेधी अशासाठी, की हा लोहार साधा कारागीर नाही. त्याला गाव मनातून वचकून असतं. ज्याची भीती वाटते त्याचीच उघड थट्टा करायची, आणि ज्याची थट्टा करायची त्याचाच शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे गणित समजून घेतलं की विनोद आणि अदब यांच्याकडे बघण्याची आपली नजर थोडी बदलते. एरवी आपण या दोन गोष्टी परस्परविरोधी मानतो. मांदे लोहारांच्या घरात त्या एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत.

भात्यामागची शक्ती

माली, गिनी, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, सेनेगल, गांबिया या पट्ट्यात मांदे कुळातल्या भाषा बोलणारे लोक राहतात. बामाना, मालिंके, जुला ही त्यांतली मोठी नावं. जुन्या मांदे समाजाचे तीन थर होते. शेती आणि राज्य करणारे ‘होरोन’, जन्माने ठरलेले व्यावसायिक ‘न्यामाकाला’ आणि गुलाम. न्यामाकालांत लोहार म्हणजे ‘नुमू’, गाणारे आणि वंशावळी सांगणारे ‘जेली’, चामड्याचं काम करणारे ‘गारांके’ असे गट येतात. लग्नं आपापल्या गटातच होत. कान्ते, फाने, बालो ही आडनावं ऐकली की आजही लोकांना लोहाराचं घर आठवतं.

नुमू लोखंडाबरोबर लाकूडही घडवतो. कुदळ आणि तिचा दांडा, कुऱ्हाड, सुरी, दाराचं लाकडी कुलूप, उखळ-मुसळ, बसायचं स्टूल आणि विधींचे मुखवटे, सगळं त्याच्याच हातचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे लोक मातीच्या भट्टीत दगडापासून लोखंड काढत. पुढे कारखान्याचं लोखंड स्वस्त झालं, भट्ट्या विझल्या आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे पाटे ऐरणीवर आले. आपल्याकडचे लोहारही कोयत्यासाठी असा पाटा पसंत करतात, कारण ते पोलाद धार चांगली धरतं.

मांदे समजुतीनुसार प्रत्येक कृतीतून एक शक्ती मोकळी होते. तिला ‘न्यामा’ म्हणतात. शिकार, रक्त, आग, वितळलेलं लोखंड यांत ती फार. ज्याला ती पेलता येत नाही त्याला ती मारते. नुमू ती जन्मतःच पेलतो आणि शिक्षणाने ताब्यात ठेवतो. म्हणूनच मुलांची सुंता करायची ती नुमूने, ‘कोमो’ नावाच्या गुप्त मंडळाचं नेतृत्व करायचं ते नुमूने, झाडपाल्याची औषधं द्यायची तीही बहुधा त्यानेच. अमेरिकी कलेतिहासकार पॅट्रिक मॅकनॉटन मालीतल्या एका लोहाराकडे शागिर्द म्हणून राहिले आणि १९८८ मध्ये त्यांनी मांदे लोहारांवर ग्रंथ लिहिला. त्यातला लोहार एकाच वेळी कारागीर, वैद्य, मांत्रिक आणि मध्यस्थ आहे.

यातली मध्यस्थाची भूमिका आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. भाऊबंदकी झाली, नवरा-बायकोचं फाटलं, सोयरीक अडली, की नुमूला बोलावतात. होरोन माणसाने तोंड आवरायचं असतं. संकोच, लाज, मितभाषण ही त्याची शोभा. चारचौघांत मागणं मागणं, सुनावणं, हसवणं ही कामं त्याने न्यामाकालांवर सोपवलेली असतात. थोडक्यात, प्रतिष्ठितांनी गप्प राहायचं आणि कारागिरांनी बोलायचं, अशी ही वाटणी. नुमूचं बोलणं उद्धट मानलं जात नाही, कारण उद्धट बोलण्याचा अधिकार त्याला समाजानेच दिलेला असतो.

लोखंड त्याचं, माती तिची

नुमूच्या घरातली बाई ‘नुमुमुसो’. ती ऐरणीजवळ काम करत नाही. तिचा धंदा मातीचा. पाण्याचे रांजण, स्वयंपाकाची मडकी, धुपाटणी ती घडवते, तेही चाकाशिवाय. जुन्या मडक्याच्या किंवा खोलगट साच्याच्या आधाराने तळ बसवायचा, वर मातीच्या वळ्या चढवायच्या, हाताने थापून भिंत पातळ करायची. भट्टीही बांधलेली नसते. उघड्यावर मडक्यांचा ढीग रचतात, वर गवत आणि सरपण घालून पेटवतात. लालबुंद मडकं काठीने ओढून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवलं, की ते काळं-तपकिरी होतं आणि पाझरत नाही.

सेगू शहरासमोर, नायजर नदीच्या पलीकडच्या काठावर कालाबुगू नावाचं गाव आहे. इथल्या लोहारांच्या बायकांची मडकी प्रसिद्ध आहेत. होड्यांत भरून ती नदीपार येतात आणि सेगूच्या सोमवारच्या बाजारात विकली जातात. भाव बायका करतात आणि पैसाही त्याच हाताळतात. गावात पुरुषाची भट्टी बंद पडली तरी बाईची चालू, हे चित्र आता नवं नाही. प्लास्टिकच्या बादल्या आल्या तरी मातीच्या रांजणातल्या थंड पाण्याला गिऱ्हाईक आहे. कारखान्यातल्या कुदळीपुढे मात्र हातच्या कुदळीला टिकून राहणं अवघड जातं.

आपल्याकडच्या घिसाडी कुटुंबात ही वाटणी अगदी वेगळी आहे. तिथे पुरुष सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, हातोडीने कुठे मारायचं ते दाखवतो आणि बायको घण घालते. एकाच ऐरणीवर दोघांचा ताल जुळावा लागतो. मांदे घरात दोघांच्या आगी वेगळ्या, हत्यारं वेगळी, कमाई वेगळी. ताल जुळवण्याचं काम तिथे शिष्टाचार आणि थट्टा करतात.

या बाईच्या वाट्याला आलेला आणखी एक वारसा सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. मुलांची सुंता नुमू करतो, तशी मुलींच्या जननेंद्रियांची कापाकापी परंपरेने नुमुमुसोकडे होती. मालीत ही प्रथा अजून मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तिच्याविरुद्ध काम करणाऱ्यांना आधी याच बायकांशी बोलावं लागतं. परंपरेने दिलेला मान आणि परंपरेने केलेली इजा इथे एकाच हातात असते.

कुणापुढे हसायचं, कुणापुढे मान खाली

लोहाराच्या भट्टीवरून जाताना न बोलता पुढे जाणं हा मालीत असभ्यपणा. काम करणाऱ्याला अभिवादन करण्याची वेगळी पद्धत आहे. बामाना भाषेत ‘इ नी बारा’ म्हणायचं, म्हणजे तुझ्या कामाला रामराम. त्याला उत्तर देताना पुरुष ‘न्बा’ म्हणतो, बाई ‘न्से’. त्यानंतर घरचे कसे, मुलं कशी, रात्र कशी गेली, अशी एकामागून एक चौकशी होते आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येतं, सगळं शांत आहे. घरात कुणी आजारी असलं तरी पहिलं उत्तर हेच. खरी खबर नंतर, सावकाश. घाईच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण या दोन मिनिटांत समोरच्याचा आवाज, चेहरा, मनःस्थिती सगळं कळतं. शिवाय ही चौकशी झाल्याशिवाय थट्टेचा दरवाजा उघडत नाही.

घराच्या आत या दरवाजाला आणखी तीन झडपा आहेत. नवऱ्याचे किंवा बायकोचे आईवडील आणि थोरली भावंडं ही ‘बुरान’. त्यांच्यापुढे आवाज खाली, नजर खाली, थट्टा अजिबात नाही. धाकटी भावंडं ही ‘निमोगो’. त्यांच्याशी मात्र वाटेल तशी मस्करी चालते. त्यांनी भावजयीच्या हातच्या जेवणाला नावं ठेवायची, तिने त्यांच्या आळसाचा पाढा वाचायचा. मेहुणीने भावोजींच्या खिशात हात घालायचा आणि त्यांनी आपण लुटले गेल्याचा कांगावा करायचा. तिसरं नातं आजोबा-नातीचं. आजोबा नातीला ‘माझी बायको’ म्हणतात, आजीला सवत आल्याचं सांगतात, आणि नात म्हणते, ‘हा म्हातारा नवरा मला नको, याला दातच नाहीत.’

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारतातल्या नात्यांचा असाच नकाशा मांडला. उत्तरेकडे सुनेने सासरा आणि थोरला दीर यांच्यापुढे पदर ओढायचा, धाकट्या दिराशी मात्र थट्टामस्करी करायची, हा नियम त्यांनी तपशिलाने दाखवला.

असं का होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये दिलं. लग्नाने दोन घरं जवळ येतात, पण त्यांचे हितसंबंध वेगळेच राहतात. भांडणाची शक्यता कायमची. ती टाळण्याचे दोन मार्ग. एक, टोकाचा आदर, म्हणजे भांडण व्हायला संभाषणच नको. दुसरा, परवानगी असलेला अनादर, म्हणजे भांडणाचं नाटक रोज करायचं, जेणेकरून खरं भांडण उभं राहणार नाही. थोरल्यांशी पहिला मार्ग, धाकट्यांशी दुसरा. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये मार्सेल मोस यांनी १९२६ मध्ये याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. मार्सेल ग्रिओल यांनी १९४८ मध्ये मालीतल्या डोगोन शेतकऱ्यांची आणि बोझो मच्छीमारांची जोडी अभ्यासून म्हटलं, की ही थट्टा मनं धुऊन काढणारा विधीच आहे.

या सगळ्यांच्या विवेचनात एक गोष्ट समान आहे. थट्टा मोकळी नाही. तिला पत्ता आहे. तीच ओळ धाकट्या दिराला म्हटली तर विनोद, थोरल्याला म्हटली तर घरातून बाहेर जायची वेळ.

दोन चुका आणि एक साम्राज्य

या समाजाचं महाकाव्य सुंदियाता केइता या राजाचं आहे. तेराव्या शतकात त्याने माली साम्राज्य उभारलं. जेली ते पिढ्यान्‌पिढ्या गात आले, आणि गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी १९६० मध्ये एका जेलीकडून ऐकलेली कथा फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या दोन कळीच्या जागा नेमक्या आपल्या विषयाच्या आहेत.

पहिली जागा थट्टेची. सुंदियाता लहानपणी पांगळा असतो. त्याची आई सोगोलोन स्वयंपाकाला हवा म्हणून सवतीकडे, सासुमाकडे, गोरखचिंचेचा पाला मागायला जाते. सासुमा पाला देते, पण हिणवून. माझा मुलगा मला पाला आणून देतो, तुझा जमिनीवर सरपटतो, असा तो टोमणा. सोगोलोन रडत घरी येते. मुलगा म्हणतो, लोहाराला लोखंडाची दांडी करायला सांगा. राजाच्या लोहारशाळेतून सहा शागिर्द ती वाहून आणतात. तिच्यावर भार टाकून तो उभा राहतो, दांडी धनुष्यासारखी वाकते आणि तो गोरखचिंचेचं अख्खं झाड उपटून आईच्या दारात लावतो. सासुमाच्या बोलण्यात आणि सनांकुयात शब्दांचा फारसा फरक नाही. फरक असा, की सोगोलोनला त्या टोमण्याला उत्तर देण्याची सोय नव्हती. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी केलेली थट्टा ही थट्टा राहत नाही.

दुसरी जागा अदबीची. सुंदियाताचा शत्रू सुमांगुरू कान्ते हा सोसो राज्याचा राजा, आणि तो लोहार घराण्यातला. त्याचा भाचा फाकोली हा त्याचा मोठा सेनानी. सुमांगुरू या भाच्याची बायको पळवतो. भाचेसून ही जिच्यापासून दूर राहायचं अशी व्यक्ती. तिथे मामाने हात टाकला म्हटल्यावर फाकोली आपली माणसं घेऊन सुंदियाताला मिळतो, आणि १२३५ च्या सुमाराला किरिनाच्या लढाईत सुमांगुरू हरतो. जेली हे गातात तेव्हा ऐकणाऱ्यांना वेगळं तात्पर्य सांगावं लागत नाही. एक राज्य उभं राहिलं ते थट्टेची मर्यादा ओलांडली म्हणून, आणि दुसरं बुडालं ते आदराची मर्यादा ओलांडली म्हणून.

गावपातळीवर हाच धडा हसत-खेळत दिला जातो. सेगूच्या आसपास तरुणांची मंडळं मुखवट्यांचे आणि बाहुल्यांचे खेळ करतात. लाकडी बाहुल्या बहुतेक लोहारांनी कोरलेल्या. बाहुल्या नाचवतात पुरुष, पण गाणं बायकांचं. एक मुख्य गायिका आणि तिच्यामागे बायकांचा कोरस. कोणत्या बाहुलीला कोणतं गाणं, कुणाची स्तुती, कुणाला चिमटा, हे त्यांच्या गळ्यातून ठरतं. गावातला बढाईखोर, आळशी नवरा, वसाहतकाळातला शिपाई अशा कितीतरी जणांचा यात समाचार घेतला जातो. मार्काला इथला हा सोहळा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. त्याच वर्षी शेजारच्या नायजर देशातली थट्टेची नातीही त्या यादीत दाखल झाली.

हसून प्रश्न सुटतात का?

थट्टेचा उपयोग मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. थॅड डनिंग आणि लॉरेन हॅरिसन या राज्यशास्त्रज्ञांनी मालीची राजधानी बामाको इथे एक प्रयोग करून २०१० मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना एका उमेदवाराचं चित्रित भाषण दाखवलं. भाषण तेच, फक्त उमेदवाराचं आडनाव बदलत ठेवलं. कधी तो ऐकणाऱ्याच्या जमातीचा, कधी परका, कधी थट्टेच्या नात्यातला. परक्या जमातीचा असूनही थट्टेच्या नात्यातला निघाला की लोक त्याला चांगले गुण देत. मालीत जमातींच्या आधारावर मतांचे गठ्ठे का बांधले जात नव्हते, याचं एक कारण त्यांना इथे सापडलं. आडनावाची ही जाळी जमातींच्या भिंतींना आडवी छेदून जाते.

तिथले राज्यकर्ते आणि विचारवंतही या वारशाचा अभिमानाने उल्लेख करतात. सुंदियाताने विजयानंतर कुरुकान फुगा इथे सभा भरवून कायदे केले, अशी परंपरा आहे. १९९८ मध्ये गिनीतल्या कांकान शहरात जेलींना एकत्र बसवून या कायद्यांची कलमवार मांडणी करण्यात आली. त्या संहितेत सनांकुयाला स्वतंत्र कलम आहे. थट्टेच्या जोडीदारांत वाद झाला तरी आदर सुटता कामा नये, आणि दीर-भावजय, आजी-आजोबा व नातवंडं यांच्यात सहनशीलता असावी, असा त्याचा आशय. बायकांचा, म्हणजे आपल्या आयांचा, अपमान करू नये आणि कारभारात त्यांना सामील करून घ्यावं, अशीही कलमं आहेत. मात्र ही मांडणी विसाव्या शतकाच्या अखेरीची असल्यामुळे तेराव्या शतकातल्या सभेत नेमके हेच शब्द उच्चारले गेले, असं इतिहासकार सरसकट मानत नाहीत.

थट्टेची स्वतःची मर्यादा या शंकेहून कठोर आहे. ‘तू माझा गडी’ हा विनोद दोन बरोबरीच्या माणसांत शोभतो. पण मालीच्या पश्चिमेकडे, ‘काय’ नावाच्या भागात, गुलामांचे वंशज म्हणून आजही काही कुटुंबांना हिणवलं जातं, आणि त्यांनी नकार दिला की मारहाण होते. त्यांच्या कानाला तो विनोद कसा लागत असेल? लोहाराला मान मिळतो, पण होरोन घरातली मुलगी त्याच्या घरी द्यायची म्हटलं की अजूनही अनेकांच्या कपाळाला आठी पडते. २०१२ नंतर मालीत बंड, दहशतवाद आणि सशस्त्र टोळ्या वाढल्या. २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या फुलानी गावावर हल्ला होऊन १५० हून अधिक माणसं मारली गेली. शतकानुशतकं शेजारी राहून कमावलेला शिष्टाचार बंदुकीपुढे टिकला नाही.

म्हणून मांदे लोहारांच्या विनोदाकडे आदर्श म्हणून बघण्यापेक्षा तयार झालेलं एक हत्यार म्हणून बघावं. ते काय कापतं आणि कुठे बोथट पडतं, हे दोन्ही पारखावं. घरातल्या रोजच्या घर्षणावर ते चांगलं चालतं. सासरी आलेल्या सुनेला धाकट्या दिरा-नणंदांच्या रूपाने हसायला हक्काची माणसं देतं, गावाला वचक वाटणाऱ्या लोहाराला माणसांत बसवतं, परक्या मुलखात दोन अनोळखी माणसांना दोन मिनिटांत जवळ आणतं. पण थोरल्या दिरापुढे त्याच सुनेची नजर खाली राहते, आणि तिथे काही चुकत असेल तर तिला ते थट्टेने सांगता येत नाही. त्यासाठी तिला नुमूकडेच जावं लागतं. ज्या नात्यांत उलट उत्तर द्यायला बंदी आहे, तिथे तिच्या वतीने बोलायला एक माणूस नेमून ठेवला आहे, आणि गावाने त्याचं ऐकायचं आधीच कबूल केलं आहे. ज्या समाजात थट्टेची मुभा आहे पण असा माणूस नाही, तिथे हसण्याचा हक्क आधीपासूनच ज्यांचं चालतं त्यांच्याकडेच जातो.